चिता की चीवर? राज्यश्रीचा प्रश्न आणि आपला

शाळेच्या इतिहासात सम्राट हर्षवर्धनाला एक पूर्ण धडा मिळतो आणि त्याच्या बहिणीला, राज्यश्रीला, त्या धड्यातले एखादे वाक्य. हर्षाने बहिणीला सती जाण्यापासून वाचवले, एवढेच ते वाक्य सांगते. रक्षाबंधन आले की हीच ओळ भावाबहिणीच्या प्रेमाचा नमुना म्हणून फिरू लागते. भाऊ शूर, बहीण दुबळी, भाऊ वेळेवर पोहोचला म्हणून बहीण जगली, गोष्ट संपली.

मित्रांनो, गोष्ट तिथे संपत नाही, तिथे सुरू होते. ज्या मुलीला त्या दिवशी आगीपासून मागे ओढले, तिने पुढच्या काही घटकांत काय मागितले, हे आपल्याला कुणी सांगत नाही. तिने दागिने, राजवाडा किंवा शत्रूचे मुंडके मागितले नाही. तिने काषाय वस्त्र मागितले, म्हणजे बुद्धाच्या संघाचे चीवर. सातव्या शतकातल्या एका कोवळ्या वयाच्या राजविधवेने हे मागणे मागणे ही साधी गोष्ट नव्हती. ब्राह्मणी धर्मशास्त्राने विधवेला जे दोन रस्ते ठेवले होते, त्या दोन्हींना बगल देणारा हा तिसरा रस्ता होता. तो कुठून आला, कुणी बांधला आणि तो बंद व्हावा म्हणून काय काय झाले, हे समजून घेतल्याशिवाय राज्यश्री समजत नाही. बाबासाहेबांनी स्त्री आणि जात यांच्याबद्दल जे लिहिले तेही नीट समजत नाही.

दोन सिंहासने आणि एक मुलगी

राज्यश्रीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते मुख्यतः बाणभट्टाच्या ‘हर्षचरित’ या संस्कृत ग्रंथातून. बाण हर्षाच्या दरबारातला ब्राह्मण कवी. तो राजाची स्तुती करणार हे गृहीत धरूनच त्याला वाचायचे. पण दरबारी कवी कितीही सजवून लिहो, त्याच्या काळातल्या रीती त्याच्या लेखणीतून गळतातच. त्या गळतीत आपल्याला इतिहास सापडतो.

आजच्या हरियाणातले ठाणेसर म्हणजे तेव्हाचे स्थाण्वीश्वर. तिथे पुष्यभूती घराण्याचा प्रभाकरवर्धन राज्य करत होता. राणी यशोमती. मुले तीन : राज्यवर्धन, हर्षवर्धन आणि धाकटी राज्यश्री. बाणाने भावंडांच्या वयाचा जो तपशील दिला आहे त्यावरून राज्यश्री हर्षापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान ठरते. हर्ष इ. स. ६०६ मध्ये सत्तेवर आला तेव्हा तो सुमारे सोळा वर्षांचा होता. म्हणजे राज्यश्रीचे लग्न झाले तेव्हा ती आजच्या हिशेबाने शाळकरी मुलगी होती.

तिचे लग्न कनौजच्या मौखरी घराण्यातल्या ग्रहवर्म्याशी झाले. मुलगी वाढू लागली की बापाला घोर लागतो, असे तिचा बाप राणीला सांगतो. घोर तिच्या मनाचा नाही, तिला कुणाच्या हवाली करायचे याचा. मौखरी घराणे त्या काळी उत्तरेत मोठे. स्थाण्वीश्वर आणि कनौज एक झाले तर गंगा-यमुनेच्या प्रदेशावर दोघांची पकड बसणार होती. लग्नाच्या तयारीचे बाणाने पानेच्या पाने वर्णन केले आहे : देशोदेशीचे कारागीर, सुतार, सोनार, चितारी, रंगवलेली वस्त्रे, हत्तीवरून आलेला नवरदेव. या सगळ्या थाटात मुलीला कुणी काही विचारल्याची एक ओळ नाही. ती तहाचे कलम होती.

तुरुंगात टाकलेली राणी

मग प्रभाकरवर्धन आजारी पडला. राज्यवर्धन तेव्हा हूणांवर स्वारीला गेलेला. हर्ष धावत घरी आला, तर आई यशोमती नवऱ्याच्या मरणाआधीच आगीत प्रवेश करायला निघालेली. मुलगा पाया पडून विनवतो, पण तिला विधवा म्हणून एक दिवसही जगायचे नाही. सरस्वतीच्या काठी ती स्वतःला जाळून घेते. त्यानंतर राजा मरतो. बाण हा प्रसंग मोठ्या गौरवाने रंगवतो.

राजाच्या मृत्यूची बातमी पसरताच माळव्याच्या राजाने कनौजवर झडप घातली. ग्रहवर्मा मारला गेला. राज्यश्रीच्या पायांत लोखंडी बेड्या घालून तिला कनौजच्याच तुरुंगात टाकले. बाण या माळवराजाचे नाव देत नाही. हर्षाच्या ताम्रपटात राज्यवर्धनाने हरवलेल्या राजांमध्ये देवगुप्ताचे नाव येते, आणि बहुतेक इतिहासकार हाच तो माळवराजा मानतात.

राज्यश्रीला मारून टाकले नाही, कैद केले. का? कारण नवरा गेला तरी तिच्यात दोन सिंहासने गुंतलेली होती. ती स्थाण्वीश्वराची मुलगी होती आणि कनौजची राणी होती. ती ज्याच्या ताब्यात, त्याचा कनौजवर दावा. राजकारणात स्त्री कुठे उभी असते ते या एका बेडीत दिसते : सासरी ती तहाचे कलम होती, शत्रूच्या हाती ती तारण झाली.

बातमी घेऊन राज्यश्रीचा सेवक संवादक स्थाण्वीश्वराला पोहोचला. राज्यवर्धन दहा हजार घोडेस्वार घेऊन निघाला. त्याने माळव्याच्या फौजेचा सहज पराभव केला. पण गौडाच्या राजाने त्याला विश्वास दाखवून आपल्या गोटात बोलावले आणि तो एकटा, निःशस्त्र असताना दगा देऊन मारले. हर्षाच्या बांसखेडा आणि मधुबन इथल्या ताम्रपटांतही राज्यवर्धनाने शब्द पाळण्यासाठी शत्रूच्या घरी प्राण गमावल्याचा उल्लेख आहे. याच ताम्रपटांत राज्यवर्धनाला ‘परमसौगत’ म्हटले आहे, म्हणजे बुद्धाचा परम अनुयायी. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हा गौडराजा म्हणजे शशांक. शैव. त्याने बोधगयेचा बोधिवृक्ष तोडला आणि बौद्धांचा छळ केला, असे चिनी भिक्खू युआन श्वांगने लिहून ठेवले आहे. काही इतिहासकार ही वर्णने अतिशयोक्त मानतात. पण त्यांना अतिशयोक्त म्हणणारेही युआन श्वांगची हर्षाच्या दानशूरपणाची वर्णने मात्र जशीच्या तशी उचलतात, हेही आपण नोंदवून ठेवू.

एकामागून एक बाप, आई, नवरा आणि थोरला भाऊ गेले. गौडांच्या त्या धामधुमीत राज्यश्री तुरुंगातून सुटली आणि आपल्या सोबतिणींसह विंध्याच्या रानात शिरली. वय वर्षे तेरा-चौदा.

राजाची फौज नाही, शबर तरुण आणि भिक्खू

हर्ष सूड घ्यायला निघाला होता. वाटेत भंडी त्याला भेटला आणि बहीण विंध्यात गेल्याचे त्याने सांगितले. तिला शोधायला माणसे पाठवली होती, ती परतली नव्हती. आता हर्ष स्वतः रानात उतरला.

इथे बाण ज्या माणसाला आणतो त्याच्याकडे आपण थांबून पाहिले पाहिजे. त्याचे नाव निर्घात, शबर जमातीचा तरुण, रानातल्या शबर सेनापतीचा भाचा. बाण त्याचे वर्णन कसे करतो? काळा रंग, चपटे नाक, जाड ओठ, लोखंडाचा गोळा असावा तसे शरीर. दरबारी ब्राह्मण कवीची नजर आदिवासी माणसाकडे जशी पाहते तशीच. पण त्या रानाची खडान्खडा माहिती एकट्या निर्घाताकडेच आहे. राजाच्या फौजेला जे सापडले नाही, त्याचा पत्ता तोच देतो : नदीकाठी दिवाकरमित्र नावाचा भिक्खू राहतो, त्याला कदाचित ठाऊक असेल.

हा दिवाकरमित्र ग्रहवर्म्याचा बालमित्र. जन्माने मैत्रायणी शाखेचा ब्राह्मण. वेद सोडून बुद्धाच्या मार्गाला लागलेला. त्याच्या आश्रमाचे वर्णन वाचण्यासारखे आहे. तिथे जैन होते, भागवत होते, कपिलाचे आणि कणादाचे अनुयायी होते, उपनिषदवादी होते, लोकायतिकसुद्धा होते. सगळे आपापली मते मांडत, शंका काढत, वाद करत होते. बाण कौतुकाने म्हणतो की तिथले पोपटही अभिधर्मकोश समजावून सांगत. कवीची अतिशयोक्ती सोडून द्या. जिथे देव न मानणारा लोकायतिकही मांडी घालून बसू शकतो आणि प्रश्न विचारू शकतो, अशी जागा सातव्या शतकात एका बौद्ध भिक्खूच्या आश्रमात होती आणि ते बाणासारख्या ब्राह्मणालाही नाकारता आले नाही.

तेवढ्यात एक भिक्खू धावत आला. जवळच एक तरुण बाई आगीत शिरायच्या तयारीत आहे, तिला आचार्यांनी समजवावे, अशी विनंती घेऊन. हर्ष धावला. चिता पेटवलेली होती, सोबतिणींचा आक्रोश चालला होता. त्याने बहिणीला धरले.

तिने काय मागितले

शाळेचे वाक्य इथे थांबते. आता पुढे.

भाऊबहीण रडले. आचार्यांनी दोघांना धीर दिला. थोडी शांतता झाल्यावर राज्यश्रीने आपली सोबतीण पत्रलता हिच्या कानात काही सांगितले. पत्रलतेने ते हर्षाला कळवले : राणीला आता काषाय वस्त्र घेण्याची परवानगी हवी.

बाण राज्यश्रीला स्वतःच्या तोंडाने हे बोलू देत नाही. पण मागणे तिचेच आहे, हे तोही लपवू शकत नाही.

हे मागणे किती मोठे होते हे समजायचे असेल तर तिच्यासमोर काय काय ठेवलेले होते ते पाहा. मनुस्मृतीत सतीची आज्ञा नाही, पण विधवेने कंदमुळे-फळे खाऊन देह झिजवावा, दुसऱ्या पुरुषाचे नावही घेऊ नये, अशी आज्ञा आहे. स्त्रीने बालपणी बापाच्या, तारुण्यात नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहावे, तिला स्वातंत्र्य नाही, हा मनूचा सर्वांना पाठ असलेला कायदा. राज्यश्रीचा बाप नव्हता, नवरा नव्हता, मुलगा नव्हता. मनूच्या वहीत तिच्यासाठी रकानाच उरला नव्हता. तिला ठेवायचे कुठे हा प्रश्न ब्राह्मणी व्यवस्था दोन पद्धतींनी सोडवत असे. एक पद्धत तिच्या आईने सरस्वतीच्या काठी दाखवून दिली होती. दुसरी म्हणजे जिवंतपणी रोज थोडे थोडे मरणे.

संन्यास? तो स्त्रीला आणि शूद्राला बंद. हा मुद्दा बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकातल्या हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरच्या लेखात फार स्पष्ट मांडला आहे. बुद्धामुळे भारतीय स्त्री खाली गेली असा आरोप तेव्हा झाला होता. बाबासाहेबांनी तो आरोप उलटा करून दाखवला. स्त्रीला परिव्रज्येचा, म्हणजे घर सोडून ज्ञानाच्या शोधात जाण्याचा हक्क देणारा बुद्ध होता. तो हक्क काढून घेणारा ब्राह्मणधर्म आणि त्याचा कायदेकर्ता मनू होता. भिक्खुणी होणे म्हणजे केवळ वस्त्र बदलणे नव्हे. वाचण्याचा, शिकण्याचा, प्रवचन देण्याचा, कुणाची मुलगी-बायको-आई न राहता स्वतः कुणीतरी असण्याचा हक्क त्यात होता. जैन संघानेही स्त्रियांना साध्वी होऊ दिले, हे खरे. म्हणूनच तर हा लढा ब्राह्मण आणि श्रमण या दोन परंपरांमधला आहे, असे आपण म्हणतो.

राज्यश्रीने जो हक्क मागितला तो तिच्या बापाच्या घरातला ब्राह्मणी धर्म तिला देऊच शकत नव्हता. तिचे धाडस या मागण्यात आहे.

बाबासाहेबांची तीन सूत्रे एकाच घरात

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींच्या उत्पत्तीवर आपला शोधनिबंध वाचला. जात म्हणजे स्वतःभोवती कुंपण घातलेला वर्ग, आणि ते कुंपण म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न. पण निसर्ग काही नवरा-बायकोला एकाच दिवशी मारत नाही. नवरा आधी मेला तर बायको उरते. ती जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतच दुसऱ्या मुलीचा नवरा घेईल, दोन्हींमुळे कुंपण मोडते. म्हणून तिला नवऱ्याबरोबर जाळा, किंवा जन्मभर विधवा ठेवा. बायको आधी मेली तर पुरुष उरतो. त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. म्हणून अजून लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलीतून त्याला बायको द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी बाबासाहेबांनी अशा एका सूत्रात ओवल्या. या रूढींना नंतर जे गोड गोड तत्त्वज्ञान चिकटवले गेले ते त्यांचे कारण नव्हे, त्यांना सहन करता यावे म्हणून दिलेली साखर आहे, हेही त्यांनी दाखवले.

आता राज्यश्रीचे घर पाहा. आई सती. मुलगी कोवळ्या वयात लग्न झालेली. तीच मुलगी लगेच विधवा. तिन्ही रूढी एका पिढीच्या अंतरात, एकाच छताखाली. ग्रहवर्मा विधुर असल्याचे कुठे म्हटलेले नाही, त्याचे लग्न राजकारणाचे होते. पण मुलीच्या वयाला आणि संमतीला काडीची किंमत नसणे हे दोन्हीकडे सारखेच.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेब म्हणतात की या रूढी वरच्यांकडून खालच्यांनी अनुकरणाने उचलल्या. युआन श्वांगच्या नोंदीप्रमाणे हर्षाचे घराणे वैश्य होते. हातात सत्ता आली की नव्या घराण्यांना आपण वरच्यांपैकी आहोत हे सिद्ध करायची घाई असते, आणि ते सिद्ध करायचे सगळ्यात सोपे साधन म्हणजे घरातली बाई. तिला कोंडा, तिला झाका, तिला जाळा. समाज म्हणेल, घराणे मोठे.

सतीचा सगळ्यात जुना ठळक शिलालेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, इ. स. ५१० चा : युद्धात मेलेल्या गोपराजाच्या बायकोने त्याच्याबरोबर आगीत प्रवेश केल्याचा. राज्यश्रीच्या सुमारे एक शतक आधी. म्हणजे तिच्या काळात ही रूढी वरच्या घरांत जोर धरत होती. गंमत अशी की ज्या बाणाने यशोमतीच्या जळण्याचा गौरव केला, त्याच बाणाने ‘कादंबरी’त मेलेल्या प्रियकरामागे मरणे हा मूर्खपणा आहे असे आपल्या पात्राच्या तोंडी घातले. माणसाला कळत होते. पण राजघराण्याचा गौरव करायची वेळ आली की कळलेले बाजूला ठेवले जात होते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : राज्यश्री स्वतःच आगीकडे निघाली होती, मग तिचे धाडस कसले? हा प्रश्न विचारणाऱ्याने चौदा वर्षांच्या मुलीच्या जागी उभे राहून पाहावे. आयुष्यभर जिच्यासमोर आदर्श म्हणून एकच गोष्ट ठेवली, आणि आईनेही नुकतीच जी करून दाखवली, ती तिला एकमेव वाट वाटली यात नवल काय? रूढी माणसाच्या हातात बेडी घालत नाही, मनात घालते. त्या मनातून बाहेर येऊन वेगळे काही मागता येणे, तेही त्याच दिवशी, याला धाडस नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

दुसरा आक्षेप : वाचवले तर भावाने, धम्माचा काय संबंध? भावाने आगीतून मागे ओढले, हे मान्य. त्या प्रेमाला आपण कमी लेखत नाही. पण मागे ओढल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय? ब्राह्मणी घरात परतली असती तर तीच मुलगी कोपऱ्यातली विधवा झाली असती. जगायचे कशासाठी या प्रश्नाला भावाच्या मिठीत उत्तर नव्हते, धम्मात होते. आणि तिला हे उत्तर देणारी माणसे कोण? पाठ न सोडणाऱ्या तिच्या सोबतिणी, पत्ता सांगणारा शबर तरुण आणि नवऱ्याचा जुना मित्र असलेला भिक्खू. कारस्थानांनी भरलेल्या त्या सगळ्या कथेत निर्हेतुक प्रेम या माणसांकडेच सापडते.

तिसरा आक्षेप आपल्याच बाजूने घ्यायला हवा : शेवटी तिला चीवर मिळाले का? लगेच नाही. हर्षाने मुदत मागितली. शत्रूंचा सूड घेण्याची माझी प्रतिज्ञा पुरी होऊ दे, मग आपण दोघेही काषाय वस्त्र घेऊ. तोवर हिने माझ्याजवळ राहावे आणि आचार्यांनी हिला तथागताच्या विचारांनी धीर द्यावा. दिवाकरमित्रानेही तिला भावाचे ऐकायचा सल्ला दिला. बाप, नवरा, मुलगा नसलेल्या स्त्रीवर आता भावाची मालकी बसली, असे कुणी म्हटले तर ते चूक नाही. भिक्खूही आपल्या काळाच्या कुंपणाबाहेर पुरता गेला नव्हता. हे आपण झाकायचे कारण नाही. धम्माने दार उघडे ठेवले होते. त्या दारातून जायला स्त्रीला अजूनही पुरुषाची परवानगी मागावी लागत होती. बुद्धाने दिलेला हक्क आणि समाजाने चालू दिलेला हक्क यांत अंतर होते, आजही आहे.

पुढची राज्यश्री

पण ती कोपऱ्यात गेली नाही. हर्षाने कनौजला राजधानी केली. कनौज मौखरींचे, आणि मौखरींची राणी राज्यश्री. तिच्या हक्कातूनच त्याचा कनौजवरचा दावा उभा राहत होता, असे अनेक इतिहासकार मानतात. सुरुवातीला त्याने महाराज ही पदवीही न घेता ‘कुमार’ म्हणून कारभार केला, असे युआन श्वांग सांगतो. हर्ष आपल्या विधवा बहिणीसह राज्यकारभार पाहत असे, असा उल्लेख दुसऱ्या एका चिनी ग्रंथात आहे.

युआन श्वांगचे चरित्र त्याच्या शिष्याने लिहिले. इ. स. ६४३ च्या सुमाराला हर्षाची आणि त्याची भेट झाली तेव्हाचे वर्णन त्यात आहे. राजामागे त्याची बहीण बसलेली होती. ती बुद्धिमान होती, बौद्धांच्या सम्मितीय पंथाच्या सिद्धांतांत पारंगत होती, आणि युआन श्वांगचे महायानावरचे विवेचन ऐकून तिला आनंद झाला. चरित्रात तिचे नाव नाही, पण इतिहासकार तिला राज्यश्रीच मानतात. जिला चौदाव्या वर्षी जळून जायचे होते, ती चाळिशी-पन्नाशीत एका जगप्रसिद्ध विद्वानाचा वाद समजून-उमजून ऐकत होती. शिकलेली होती, एका पंथाची जाणकार होती आणि दुसऱ्या पंथाचे म्हणणे मोकळ्या मनाने ऐकू शकत होती. चितेपासून इथपर्यंतचा प्रवास कुठल्याही लढाईपेक्षा मोठा आहे.

आता तो ताम्रपटाचा तपशील आठवा. इ. स. ६२८ आणि ६३१ च्या त्या ताम्रपटांत हर्ष स्वतःला ‘परममाहेश्वर’, म्हणजे शिवाचा भक्त म्हणवतो. राज्यवर्धन सौगत, राज्यश्रीने इ. स. ६०६ च्या सुमाराला काषाय वस्त्र मागितलेले, आणि हर्ष मात्र पंचवीस वर्षांनंतरही कागदोपत्री शैव. मग पुढे कनौजच्या परिषदेत बुद्धमूर्तीची मिरवणूक काढणारा हर्ष बौद्ध विचाराकडे कुणामुळे झुकला? युआन श्वांगमुळे, असे पुस्तके सांगतात. मला विचाराल तर तो भिक्खू यायच्या कितीतरी आधीपासून घरात एक बहीण होती. सम्राटाने बहिणीला धम्म दिला ही मांडणी उलटी आहे. काळाचा क्रम बहिणीच्या बाजूने उभा आहे.

त्याच कनौजच्या परिषदेत मंडपाला आग लागली आणि हर्षावर मारेकरी घातला गेला. या कटात ब्राह्मण होते आणि पाचशे जणांना हद्दपार केले, असे युआन श्वांगने लिहिले आहे. बाबासाहेब ज्याला क्रांती आणि प्रतिक्रांतीचा संघर्ष म्हणतात, त्याची झळ थेट राजमंडपापर्यंत पोहोचली होती.

सुवर्णयुग नव्हते

तरीही हर्षाच्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याची चूक आपण करू नये. कसाई, कोळी, डोंब, भंगी यांची घरे खुणा करून गावाबाहेर ठेवलेली होती आणि वस्तीत येताना त्यांना रस्त्याच्या कडेने जावे लागे, असे त्याच युआन श्वांगने लिहिले आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अस्पृश्यतेचा जन्मकाळ ठरवताना हाच पुरावा तपासला. राजाच्या घरात धम्म आला म्हणून गावाबाहेरची वस्ती आत आली नाही. राज्यश्री राजकन्या होती, म्हणून तिचे नाव उरले. त्या रानात निर्घाताच्या वस्तीतल्या बायांची नावे कुणी लिहिली नाहीत. राजाश्रयाने धम्म टिकत नाही, लोकांनी धरल्याने टिकतो. म्हणून १९५६ ची दीक्षा राजवाड्यात नव्हे, नागपूरच्या मैदानात लाखो लोकांसह झाली.

आज हे कशासाठी वाचायचे?

सतीबंदीचा कायदा १८२९ साली झाला. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १९८७ मध्ये, राजस्थानातल्या देवराला गावात अठरा वर्षांच्या विधवेला चितेवर जळताना हजारो लोकांनी पाहिले आणि जयजयकार केला. म्हणजे कायद्याने आग विझते, आगीचा गौरव विझत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते हा गौरव कुणाच्या जिवावर चालतो हे ओळखून. हिंदू कोड बिलात विधवेला आणि मुलीला वारसाहक्क मिळावा म्हणून बाबासाहेब लढले आणि १९५१ साली मंत्रिपद सोडले तेही यासाठीच.

आपल्याकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ग्रामसभेत ठराव केला. चांगले झाले. पण २०२२ साली असा ठराव करावा लागतो, यातच सगळे आले.

आता स्वतःला विचारू. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांत काय चालते? विहारात वंदना घ्यायला पुढे कोण असते? लग्नाच्या मंचावर त्रिशरण-पंचशील द्यायला विधवा आईला कितीदा बोलावतो? मुलीने स्वतःच्या मनाने जोडीदार निवडला तर भीमगीते म्हणणारे काकाच इज्जतीची भाषा बोलू लागतात की नाही? हातात चार पैसे आले, घर बांधले, की वरच्यांचे अनुकरण करून बायकांवर नवे निर्बंध येतात, हा बाबासाहेबांचा १९१६ चा इशारा आपल्याच वस्तीत खरा ठरताना दिसत नाही का?

राज्यश्रीच्या पुढे चिता होती, म्हणून तिचा प्रश्न सगळ्यांना दिसतो. आपल्या बहिणींपुढे आग नाही. शिक्षण थांबवणे आहे, लवकर उरकलेले लग्न आहे, नवरा गेल्यावर कोपरा आहे. हर्षासारखे आगीतून ओढून काढणारे भाऊ होणे सोपे आहे, त्यात शौर्याचे नाव मिळते. बहिणीने चीवर मागितले, पुस्तक मागितले, स्वतःचा निर्णय मागितला, तेव्हा ‘माझे काम होईपर्यंत थांब’ असे न म्हणता तिची वाट मोकळी करणे अवघड आहे. हर्षाला ते जमले नाही. आपल्याला जमले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!